साप्ताहिक वाचनाचे वजन : ‘माटी वाली’ आणि निसरपूर

माध्यमिक शाळेतील साहित्याच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा बहुतेक भाग कोणता पाठ पुस्तकात असावा आणि कोणता नसावा एवढ्यावरच खर्ची पडतो. तो पाठ आठवड्याच्या कोणत्या तासाला, कोणत्या पाठामागून, किती सावकाश आणि कोणत्या मुलांसमोर वाचला जावा, हा प्रश्न पाठ-टाचणाच्या वहीत गाडला जातो आणि त्या वहीवर मुख्याध्यापकांची सही झाली की संपतो. आमच्या मते साहित्याच्या अध्यापनाचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे. एका हिंदी कथेच्या आणि एका बुडालेल्या गावाच्या निमित्ताने आम्ही तो येथे विचारात घेत आहोत.

कथा ‘माटी वाली’. तिचे लेखक विद्यासागर नौटियाल (१९३३-२०१२) हे टिहरी-गढवालचे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नववीसाठी काढलेल्या ‘कृतिका’ या पूरक वाचनाच्या हिंदी पुस्तकात ही कथा अनेक वर्षे होती. पुढे मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांतूनही हे पुस्तक लागले. गाव निसरपूर, धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातले, नर्मदेच्या निमाड खोऱ्यातले बाजाराचे गाव. सरदार सरोवराचे पाणी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले, आणि त्या पावसाळ्यात जुने निसरपूर पाण्याखाली गेले.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्या मुलखातील मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी वाचतात आणि घरी मराठी पोथी ऐकतात; निमाडातील मुलांची घरची बोली निमाडी किंवा भिली, आणि शाळेची भाषा हिंदी. म्हणजे एकाच बाकावर दोन-तीन भाषांची मुले बसतात आणि एकच पाठ वाचतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता कथेकडे वळू. टिहरी शहरात एक म्हातारी घरोघर तांबडी माती पुरवते. चुली लिंपावयास आणि भिंती सारवावयास ती माती प्रत्येक घराला लागते. म्हणून शहरातील लहानथोर सारे तिला ओळखतात, तिच्या डोक्यावरच्या डब्यासकट ओळखतात. एका घरी तिला चहा आणि रोट्या मिळतात. त्यांतली एक ती आजारी नवऱ्यासाठी लपवून ठेवते आणि वाटभर रोट्यांचा हिशेब करीत घरी जाते. नवरा तोवर संपलेला असतो. दरम्यान धरणाच्या पुनर्वसनाचे साहेब तिला विचारतात की, तू कोठली, आणि त्याचा कागद कोठे आहे. झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर. माती ज्या खाणीतून आणायची ती कोणाच्याच नावाने तिच्याजवळ लिहिलेली नाही. सगळे शहर जिला ओळखते, तिची ओळख पटविणारा एकही कागद नाही. शेवटी बोगदे बंद होतात, पाणी चढते, मसणवटी बुडतात. घराविषयी ती काही म्हणत नाही. गरिबाची मसणवट तरी राहावयास हवी होती, एवढेच ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहते.

या कथेचे सामर्थ्य तिच्या संयमात आहे. धरण बरे की वाईट याचा निवाडा लेखक करीत नाही. आक्रोश नाही, व्याख्यान नाही. माती, डबा, रोटी आणि कागद या चार वस्तूंवर सारी कथा उभी आहे. तिच्यात उणेही आहे. पितळी पेल्याच्या निमित्ताने घरची गृहिणी पूर्वजांच्या कष्टांच्या वस्तूंविषयी जे बोलते, ते तिच्या तोंडी किंचित लांबते आणि लेखकाचे मनोगत तेवढ्यापुरते उघडे पडते. नवऱ्याचा मृत्यू आणि पाण्याचे चढणे हेही फार जवळ जवळ आले आहे. परंतु हा दोष शिक्षकाने झाकू नये. चौदा वर्षांच्या मुलाला चांगल्या कथेतील ढिला धागा दाखविता येतो, आणि तो दिसला म्हणजे उरलेले कापड किती घट्ट विणले आहे हेही त्याला कळते.

या कथेला पाठ म्हणून जो आठवडा मिळत असे, तो कसा होता? पहिल्या तासाला वाचन आणि शब्दार्थ, दुसऱ्या तासाला आशय, तिसऱ्या तासाला प्रश्नोत्तरे. हीच सर्वत्रची रीत. पाठाखालच्या स्वाध्यायात विस्थापनाच्या समस्येवर एक परिच्छेद लिहावयास सांगितले होते. प्रश्न वाईट नव्हता. पण गाईडात त्या परिच्छेदाचे तयार उत्तर मिळते, आणि टिहरीचे नाव काढून तेथे कोणतेही नाव घातले तरी ते उत्तर चालते. निसरपूरच्या मुलाने असा परिच्छेद पाठ करून लिहिला, तर त्याला पूर्ण गुण मिळतील आणि त्याच्या हाती काहीही लागणार नाही. आपल्यावर आलेली गोष्ट दुसऱ्याच्या तयार वाक्यांत लिहिण्याची सवय त्याला शाळेनेच लावली, असे तेव्हा म्हणावे लागेल.

पुढे २०२२ साली, महामारीनंतर, अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी परिषदेने पुस्तकांची छाटणी केली. ‘कृतिका’च्या नववीच्या भागातील पाच पाठांपैकी दोन गळले, त्यांतला एक ‘माटी वाली’. फणीश्वरनाथ रेणूंचा ‘इस जल प्रलय में’ हा १९७५ च्या पाटण्याच्या महापुरावरील लेख मात्र राहिला. आम्ही कोणाच्या हेतूवर आरोप करीत नाही. मुलांच्या पाठीवरचे ओझे कमी व्हावे हे आम्हांसही मान्य आहे. आमची तक्रार आहे ती मोजमापाविषयी.

रेणूंचा लेख उत्तम आहे. त्यातला खट्याळपणा आणि भय यांचे मिश्रण दुसऱ्या कोणाला साधले नसते. पण पुराचे पाणी येते आणि ओसरते. माणसे गच्चीवर चढतात, वाट पाहतात आणि चिखल उपसून पुन्हा घरात जातात. धरणाचे पाणी येते ते निर्णयाने, सूचनापत्राने, पातळीच्या आकड्याने. आणि ते परत जाण्यासाठी येत नाही. एक दैवाचे पाणी, दुसरे दप्तराचे. हे दोन पाठ एकामागून एक वाचले तरच दोहोंतील भेद मुलाच्या ध्यानात येतो. एकटा रेणूंचा लेख राहिला म्हणजे जलप्रलय ही निसर्गाची लहर आहे एवढेच त्याला शिकावयास मिळते. आणि निसरपूरच्या मुलाला तर पक्के ठाऊक आहे की, आपल्या गावावर आलेले पाणी तसले नव्हते. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली, लवादाचा निवाडा १९७९ साली झाला, दरवाजे २०१७ साली बंद झाले. ज्या पाण्याला यावयास अठ्ठावन्न वर्षे लागली, त्याला पूर म्हणता येत नाही.

येथे आम्हांस आमच्याच देवळांतील एका जुन्या शहाणपणाची आठवण करून द्यावीशी वाटते. गुरुचरित्राचा सप्ताह आपल्यापैकी पुष्कळांनी केला आहे. ५३ अध्याय आणि सात दिवस. हिशेबी माणसाने रोज सात-आठ अध्याय वाटून दिले असते. पण प्रचलित वाटण्यांपैकी एकीत पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी १२, तिसऱ्या ८, चौथ्या ६, पाचव्या ३, सहाव्या ५ आणि सातव्या दिवशी १० अध्याय येतात. पाचव्या दिवशी तीनच का? कारण त्या दिवसाचा पहिला, छत्तिसावा अध्याय लांबलचक असून आचारधर्माच्या तपशिलाने भरलेला आहे. ज्ञानेश्वरीतही तेच. बाराव्या अध्यायात २५० च्या आत ओव्या, तर अठराव्यात १८०० हून अधिक. दोन्ही ‘एक अध्याय’ म्हणून सारख्या मापाने वाचणारा वाचक कोणत्याही देवळात सापडणार नाही. ज्यांनी या वाटण्या केल्या त्यांनी संख्येकडे न पाहता वजनाकडे पाहिले. कोठे थांबावे, कोठे श्वास घ्यावा, कोठे ऐकणाऱ्याला विसावा द्यावा, याचा विचार केला. पारायण म्हणजे न समजता केलेली घोकंपट्टी, असे म्हणण्याची रीत आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी खरीही आहे. परंतु त्याच्या नियोजनात जी दृष्टी आहे ती आजच्या पाठ-टाचणात नाही, हे कबूल करावयास हवे.

शाळेने ही दृष्टी उचलली तर काय होईल? आम्ही चार आठवड्यांचे एक नियोजन सुचवितो. आठवड्याचा एकच तास त्यासाठी राखावा. पुस्तकात पाठ नसेल तर पूरक वाचन म्हणून तो घ्यावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिल्या आठवड्यात रेणूंचा पूर वाचावा आणि हसण्याच्या जागी मुलांना हसू द्यावे. दुसऱ्या आठवड्यात ‘माटी वाली’ शिक्षकाने आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचावी. मध्ये शब्दार्थ नको, शेवटी प्रश्न नको. घंटा होईपर्यंतची शांतता हाच त्या तासाचा स्वाध्याय. कीर्तनकार आख्यान संपवून लगेच परीक्षा घेत नाही. तिसऱ्या आठवड्यात वस्तूंकडे वळावे: डबा, तांबडी माती, रोट्यांचा हिशेब, नसलेला कागद. प्रत्येक वस्तू कथेत किती वेळा आणि कोठे येते हे मुलांनी पुस्तकातच शोधावे. समीक्षेची पहिली पायरी हीच. चौथ्या आठवड्यात लिहिणे. विषय एकच: आपल्या गावातील अशी एक जागा, जी सर्वांना ठाऊक आहे पण जिचा कागद कोणाजवळ नाही. पार, उतार, पाणवठा, शीव. ज्याला जे सुचेल ते.

या शेवटच्या तासाविषयी एक पथ्य आहे, आणि ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ज्याचे घर बुडाले आहे त्या मुलाला उभे करून ‘तुला काय वाटले’ असे कधीही विचारू नये. वर्ग म्हणजे सांत्वनाची सभा नव्हे, आणि मुलाचे दुःख हे अध्यापनाचे साधन नव्हे. साहित्याचा उपयोग येथे नेमका हा आहे की, तो मुलगा टिहरीच्या म्हातारीविषयी बोलू शकतो आणि स्वतःविषयी गप्प राहू शकतो. त्याला लिहावेसे वाटले तर तो लिहील; न वाटले तर नदीच्या उताराविषयी चार ओळी लिहून वही देईल. दोन्ही पुरेसे मानावे.

गोव्यातील शिक्षकांनाही हे नियोजन परके वाटू नये. साळावली धरणात सांगे तालुक्यातील कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) यांचे ते गाव. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले, आणि उन्हाळ्यात पाणी आटले की सोमेश्वराच्या उत्सवाला गावकरी आजही जुन्या जागी जमतात. देव हलविण्याचा विधी आपल्याजवळ आहे, उत्सव टिकविण्याची चिकाटीही आहे. पण नौटियालांची म्हातारी विचारते त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार? देवाला नवी जागा मिळते. गरिबाच्या मसणवटीला कोणत्या यादीत जागा आहे? देवळाशी बांधलेल्या समाजाने हा प्रश्न आपल्या मुलांसह वाचावा, असे आम्हांस वाटते. तो आपल्या विरुद्ध नाही. पण आपल्याला सुखाने बसू देणाराही नाही. चांगल्या कथेकडून याहून वेगळी अपेक्षा करू नये.

पाठ कमी करावयाचे असतील तर खुशाल करावेत. वर्षाला बाराऐवजी सहा पाठ नीट वाचून झाले तरी मुले अधिक शहाणी होतील. मात्र कमी करताना पृष्ठे मोजू नयेत. कोणता पाठ कोणत्या गावच्या मुलाला स्वतःची भाषा देतो, हे तोलून पाहावे. एवढे तोलण्याचे काम दिल्लीत होणार नाही. ते निसरपूरच्या, देवासच्या, सांग्याच्या शिक्षकाने सोमवारचे टाचण लिहिताना करावयाचे आहे. तो ते करील, तर पुस्तकातून गळलेली कथाही मुलांपर्यंत पोहोचेल. तो करणार नसेल, तर ती पुस्तकात राहूनही काही उपयोग नव्हता.