अस्सल चिनी कोण?

अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लेखकांवर एक आरोप गेली पन्नास वर्षे होत आला आहे: चीनमधून आलेल्या कथांची हे लोक मोडतोड करतात. आरोप करणाऱ्यांत सर्वांत पुढे होते फ्रँक चिन, ज्यांचे ‘द चिकनकूप चायनामन’ 1972 साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले. मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ (1976) या पुस्तकात चिनी दंतकथेतल्या योद्ध्या मुलानच्या पाठीवर आईवडील अक्षरे कोरतात. ही आख्यायिका मुळात सेनापती युए फेई याची. गोऱ्या वाचकाला रुचावे म्हणून केलेली ही बनवाबनवी आहे, असे चिन यांनी ठणकावून सांगितले. त्यांच्या रागाला कारण होते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, तो कायदा 1943 मध्ये रद्द झाला. त्याच काळात हॉलिवूडच्या पडद्यावर चार्ली चान हा चिनी गुप्तहेर गोरे नट रंगवत होते. पण राग रास्त असला म्हणून निष्कर्ष रास्त ठरत नाही. मुलानची कथा चीनमध्ये तरी कुठे एका रूपात थांबली होती? सोळाव्या शतकात शू वेई यांनी आपल्या नाटकात तिचे पाय बांधलेले दाखवले आणि शेवटी तिचे लग्न लावून दिले. सतराव्या शतकातल्या एका कादंबरीत ती जीव देते. शू वेई यांना जी मुभा, ती किंग्स्टन यांना का नाही?

परदेशातल्या चिनी माणसाची ओळख वारशाच्या शुद्धतेत शोधू नये, त्या वारशाचे तो काय करतो यात शोधावी, असे मला वाटते. डेव्हिड हेन्री ह्वांग यांचे ‘द डान्स अँड द रेलरोड’ (1981) हे दोनच पात्रांचे नाटक त्या दृष्टीने फार मोलाचे आहे. साल 1867, रेल्वेमार्ग बांधणाऱ्या चिनी मजुरांचा संप चालू आहे. लोन डोंगरावर एकटा चिनी ऑपेराचा रियाझ करतो. नवखा मा त्याच्याकडे शिकायला येतो आणि त्याला एकदम युद्धदेव ग्वान गुंगचीच भूमिका हवी असते. लोन त्याला रात्रभर टोळ बनून बसायला लावतो. पुढे दोघे मिळून जो ऑपेरा उभा करतात, त्यात कथानक माच्या स्वतःच्या प्रवासाचे आणि कष्टांचे असते. जुना साचा आणि नवा मजूर यांची इतकी नेमकी गाठ मला दुसऱ्या नाटकात दिसलेली नाही. प्रत्यक्षात तो संप कंपनीने अन्नपुरवठा तोडून मोडून काढला. नाटकात मजुरांच्या पदरात काहीतरी पडते. इतिहासाशी ही तडजोड मला खटकते, कारण उपासमारीने हरलेल्या माणसांना तेवढा तरी न्याय हवा होता. मुलानच्या दंतकथेला लावायचा नियम घडलेल्या घटनेला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे सगळे साहित्य शेवटी गोऱ्या प्रेक्षकालाच उत्तर देत बसते. चार्ल्स यू यांच्या ‘इंटीरियर चायनाटाउन’ (2020) बद्दल तो बराच खरा आहे. पटकथेच्या रूपात लिहिलेल्या या कादंबरीचा नायक विलिस वू याची मोठी आकांक्षा म्हणजे ‘कुंग फू गाय’ होणे. त्याच्या आईवडिलांची प्रकरणे हृदयाला भिडतात, पण साच्यावरची टीका लेखक पुन्हापुन्हा समजावून सांगतो, आणि तो समजावतो आहे कोणाला, हे उघड आहे. ह्वांग यांचे ‘यलो फेस’ (2007) मात्र या आक्षेपाला पुरून उरते. ‘मिस सायगॉन’ या संगीत नाटकात गोऱ्या नटाला युरेशियन भूमिका दिल्याविरुद्ध आवाज उठवणारा नाटककार त्यात स्वतःच नकळत गोऱ्या नटाला आशियाई म्हणून उभा करतो, आणि चूक झाकायला त्याचा वंश रचतो. पुढे या नाटककाराच्या बँकर वडिलांवर, चिनी म्हणूनच, संशय घेतला जातो आणि त्यांची चौकशी होते. पहिल्या अर्ध्यात वंश रचून देता येतो, दुसऱ्यात तो झटकून टाकता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच नाटकात शेजारी ठेवण्याचे धाडस चिन यांच्या खऱ्या-खोट्याच्या हिशेबात बसणारे नाही.