स्थलांतरिताची नैतिक तडजोड : 'नायकन' आणि 'अ मोस्ट व्हायोलंट इयर'

प्रस्तावना :
स्थलांतरिताचा उत्कर्ष हा गुन्हेगारीपटांचा आवडता विषय आहे. परक्या शहरात पाय रोवताना तो कोणती तडजोड करतो आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांच्या आधारे मणिरत्नम दिग्दर्शित तमिळ 'नायकन' (१९८७) व जे. सी. चँडर यांचा 'अ मोस्ट व्हायोलंट इयर' (२०१४) यांचा तौलनिक विचार येथे केला आहे.

विवेचन :
वरदराजन मुदलियार यांच्या जीवनाची छाया असलेला वेलू (कमल हासन) पोरवयात तमिळनाडूतून मुंबईस येतो व धारावीत वाढतो. पालनकर्ता हुसेनभाई पोलिसांच्या छळाला बळी पडल्यावर तो इन्स्पेक्टर केळकरला ठार करतो. चार जणांचे भले होत असेल तर कोणतेही कृत्य वावगे नाही, ही त्याची धारणा. तस्करी हा त्याचा व्यवसाय, तर लोकांचे प्रेम ही त्याची नैतिक ढाल ठरते.

१९८१ च्या न्यूयॉर्कमधील तेलव्यावसायिक एबल मोरालेस टँकर लुटले जात असतानाही चालकांच्या हाती शस्त्र देण्यास नकार देतो. मात्र जागेच्या सौद्यासाठी पत्नीने व्यवसायातून गुपचूप काढून ठेवलेला पैसा तो अखेर स्वीकारतो. वेलू कायदा उघडपणे नाकारतो. एबल तो पाळल्याचे समाधान जपत वाकवतो.

किंमत मात्र दोन्हीकडे दुर्बळच मोजतो. केळकरच्या कुटुंबाला वेलू आर्थिक आधार देतो. पण न्यायालयातून सुटलेल्या वेलूवर केळकरचा मतिमंद मुलगाच गोळी झाडतो. एबलचा चालक ज्युलियन, तोही स्थलांतरित, स्वतःवर गोळी झाडतो. ती तेलाच्या टाकीला भोक पाडते आणि एबल रुमालाने गळती थांबवतो. माणूस कोसळला असता माल वाचविणारा हा हात एबलच्या साऱ्या सचोटीवर भाष्य करतो.

'नायकन'ची मर्यादाही नोंदवावी लागेल. कोळीवाडा, कुंभारवाडा अशी बहुभाषिक धारावी येथे जवळजवळ केवळ तमिळ वस्ती म्हणून उरते. केळकर, पाटील ही मराठी नावे प्रामुख्याने पोलिसांच्या गणवेशात दिसतात. मराठी श्रमिक दिसत नाही. त्यामुळे स्थलांतरित विरुद्ध सत्ता हा संघर्ष सोपा होतो.

निष्कर्ष :
वेलू चांगला की वाईट, या नातवाच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. एबलला तर तो प्रश्न पडतच नाही. म्हणूनच 'नायकन' शोकांतिकेच्या उंचीला पोहोचतो, तर दुसरा चित्रपट अधिक अस्वस्थ करतो. मोताळ्यासारख्या तालुक्यातून शहराकडे निघणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हे चित्रपट ठेवताना यशाबरोबर त्या यशाचे देणेकरीही दाखविणे अगत्याचे आहे.