पडद्यावरील खेळ आणि पऱ्हाटीतील हात

पक्षाघाताने दुर्बल झालेल्या हाताच्या पुनर्वसनासाठी पडद्यावरील खेळांचा उपयोग करावा, हा विचार २००६ मध्ये ‘निन्टेन्डो वी’ आणि २०१० मध्ये ‘कायनेक्ट’ ही साधने बाजारात आल्यावर विशेष प्रसार पावला. रुग्णाची हालचाल पडद्यावर तत्क्षणी उमटते आणि गुणांच्या ओढीने तो ती पुनःपुन्हा करतो. पुनरावृत्तीवाचून हात पुन्हा कामास शिकत नाही. तेव्हा या कल्पनेस शास्त्रीय आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो फलाचा.

कॅनडातील गुस्तावो सापोस्निक व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० मधील २२ रुग्णांवरील प्रयोग ‘वी’ला अनुकूल ठरला. तथापि, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच १४१ रुग्णांवरील प्रयोगात एका गटास ‘वी’ आणि दुसऱ्यास पत्त्यांसारखे साधे खेळ देण्यात आले, तेव्हा दोन्ही गट सुधारले व त्यांत लक्षणीय अंतर उरले नाही. येथे एक उणीव ध्यानात घ्यावयास हवी. नेहमीचे उपचार दोन्ही गटांस चालू होते आणि खेळाविना असा तिसरा गट नव्हता. म्हणून सुधारणेत खेळाचा वाटा किती, हे त्यातून ठरत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ प्रयोगांचा विचार झाला. नेहमीच्या उपचारांऐवजी असे खेळ दिल्यास हाताला अधिक लाभ दिसला नाही. त्यांच्या जोडीला दिल्यास तो दिसला. मग श्रेय यंत्राचे, की वाढलेल्या सरावाचे?

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. अशा प्रयोगांत हाताची परीक्षा बहुधा टेबलावर होते: पेन्सिल उचलणे, कुलपात किल्ली फिरविणे, टॉवेलची घडी घालणे. कापूस वेचणाऱ्या स्त्रीच्या हाताची कसोटी निराळी आहे. कमरेत वाकून, बोंडाच्या टोकदार कवचापासून बोटे सांभाळीत, दोन्ही हातांनी कापूस ओढून कमरेच्या फडक्यात टाकणे, आणि हे तासन्‌तास. घरी परतल्यावर चुलीपुढे जमिनीवर बसणे आलेच. उभ्या वा खुर्चीतील शरीरासाठी योजलेला खेळ या हालचालींची तयारी करून देतो, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय उमरखेडहून यवतमाळ शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. शहरातील पडद्यासमोर रोजचा सराव करणे तेथील मजुरास बुडालेल्या मजुरीच्या मोलानेच शक्य होईल.

यावरून खेळ त्याज्य ठरत नाही. त्याचे मोजमाप मात्र बदलावे लागते. सागरगोटे झेलणे किंवा वाळल्या बोंडांतून कापूस काढण्याची शर्यत लावणे, या अंगणात होऊ शकणाऱ्या गोष्टी आहेत. पडद्यावरील खेळाची तुलना प्रथम यांच्याशी व्हावी, आणि निकाल पडद्यावरील गुणांनी न लागता, रुग्ण वेचणीस पुन्हा गेला की नाही, यावरून लागावा. ही तुलना होईपर्यंत यंत्रास उपचाराची जोड म्हणणे योग्य. पर्याय म्हणणे अकाली होय.