मुक्त खेळातील योगदानाची समीक्षा : जीकॉम्प्रीच्या निमित्ताने

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून त्याविषयी मत बनवायला क्वचितच शिकवतात. मुक्त स्रोत प्रकल्पात पाऊल टाकताना विद्यार्थी अडखळतो तो बहुधा याच ठिकाणी. म्हणून या टिपणात आपण एक खेळ घेऊ आणि त्यात बाहेरच्या माणसाने केलेला बदल कोणत्या निकषांवर तपासायचा ते पाहू.

खेळ आहे 'जीकॉम्प्री'. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी अंक, अक्षरे, रंग, विज्ञान, कोडी असे शंभराहून अधिक लहान खेळ त्यात आहेत. फ्रान्समधील ब्रुनो कुदुआँ यांनी तो २००० साली सुरू केला. नाव फ्रेंचमधील 'मला समजले' या शब्दांवरची कोटी आहे. २०१४ च्या सुमारास तो केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायात आला आणि टॅब्लेटवर चालावा म्हणून क्यूटी क्विकमध्ये नव्याने लिहिला जाऊ लागला. तेव्हापासून गूगल समर ऑफ कोडमार्फत भारतातील अनेक विद्यार्थ्यांनी त्यात काम केले आहे.

बेंगळुरूचा संबंध इथे येतो. २००१ मध्ये 'लिनक्स बंगलोर' नावाने सुरू झालेली आणि पुढे 'फॉस डॉट इन' झालेली परिषद अतुल चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. भारतीय लोक मुक्त सॉफ्टवेअर भरपूर वापरतात, पण त्यात भर घालत नाहीत, ही तिथली जुनी तक्रार होती. म्हणून पुढे भाषणांच्या जोडीला 'वर्कआउट' आले : एकत्र बसून प्रत्यक्ष काम करायचे. मार्च २०११ मध्ये केडीईची पहिली भारतीय परिषद याच शहरात, आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली. योगदान करा, हा आग्रह तेव्हा योग्यच होता. योगदान चांगले की वाईट हे कसे ओळखायचे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याची किंमत ऑक्टोबर २०२० मध्ये दिसली. डिजिटलओशन कंपनीच्या 'हॅकटोबरफेस्ट' उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी हजारो ठिकाणी माहितीपत्रात एखादे विशेषण वाढवणाऱ्या, शीर्षक बदलणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा पूर आला. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की, पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला : प्रकल्पाने स्वतः संमती दिली असेल तरच तिथले योगदान मोजायचे. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाला. अशा विनंत्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यांना आळशी म्हणून मोकळे होता येणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत हिरव्या चौकोनांची रांग दाखवावी लागते, असे त्यांना सांगितले गेले होते.

आता चांगला बदल कसा असतो ते पाहू. जीकॉम्प्रीत रंग ओळखण्याचा एक खेळ आहे. पडद्यावर रंगीबेरंगी बदके असतात आणि सूचना येते : निळे बदक शोधा. त्याचा कोड उघडला तर प्रत्येक रंगासाठी अख्खे वाक्य स्वतंत्र लिहिलेले आढळते. निळ्याचे वेगळे, तपकिरीचे वेगळे. नवख्या प्रोग्रॅमरचे हात इथे शिवशिवतात. एकच साचा ठेवावा, त्यात रंगाचे नाव भरावे, दहा ओळींच्या दोन ओळी कराव्यात. वर्गात आपण हेच शिकवतो.

हा बदल तुमच्याकडे तपासायला आला तर काय कराल? इंग्रजीत तो निर्दोष चालेल, कारण 'ब्लू' हा शब्द बदकापुढेही तोच आणि गाडीपुढेही तोच. मराठीत निळा मासा, निळी गाडी, निळे बदक. साच्यात पुरुषलिंगी 'निळा' बसला तर मुलाला 'निळा बदक' वाचावे लागेल. अनुवादक 'निळ्या रंगाचे बदक' अशी पळवाट काढू शकतो आणि चार वर्षांच्या मुलाला ती समजेलही. पण घरात कुणी तसे बोलत नाही. तेव्हा ज्या पुनरावृत्तीला आपण दोष समजत होतो, ती अनुवादकासाठी जाणूनबुजून सोडलेली जागा आहे. साचा करणारा बदल नाकारावा, आणि कारण दोन ओळींत लिहावे, म्हणजे पाठवणाऱ्यालाही काही मिळेल.

म्हणून पहिला निकष असा ठेवा : बदल करणाऱ्याने आधीचा कोड तसा का आहे हे विचारले होते का? बदल लहान आहे का, एकच गोष्ट करतो का, हे प्रश्न त्यानंतरचे. ते सोपे आहेत आणि त्यांवर सगळीकडे लिहिलेले सापडते.

जीकॉम्प्रीची रचना अशा वाचनाला अनुकूल आहे. प्रत्येक खेळाचा वेगळा फोल्डर. त्यात खेळाचे नाव, उद्देश, काठिण्य सांगणारी एक फाईल, पडदा मांडणारी क्यूएमएल फाईल आणि नियम चालवणारी जावास्क्रिप्ट फाईल. एका संध्याकाळी एक खेळ पूर्ण वाचून होतो. मोठ्या त्रिमितीय खेळांच्या बाबतीत हे शक्य नाही, तिथे नवख्याला इंजिनाच्या जंगलातच महिना जातो.

पण याच रचनेचा एक तोटा मला खुपतो. खेळ सुटे असल्यामुळे नवा फोल्डर जोडणे सोपे आणि आकर्षक ठरते. उन्हाळी प्रकल्पाचा विद्यार्थी साहजिकच नवा खेळ मागतो. अहवालात तो शोभून दिसतो. उन्हाळा संपला की विद्यार्थी नोकरीला लागतो, आणि त्या खेळातील चुका, नव्या क्यूटी आवृत्तीत तुटलेले धागे, अनुवादाच्या अडचणी मूठभर कायमच्या माणसांच्या गळ्यात पडतात. नव्या खेळाचे कौतुक जेवढे होते, तेवढे जुना खेळ दुरुस्त करणाऱ्याचे होत नाही. यात प्रकल्पापेक्षा विद्यावेतन देणाऱ्या योजनांच्या मोजमापाचा दोष अधिक आहे, असे माझे मत आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर नवा खेळ सुचवू नका. मराठी भाषा निवडून जीकॉम्प्री एका लहान मुलासमोर ठेवा आणि बाजूला बसा. कोणत्या सूचनेवर मूल थांबते, कोणता शब्द मोठ्याने वाचून तुमच्याकडे पाहते, ते टिपून घ्या. मग त्या शब्दाची ओळ कोडमध्ये शोधा. चूक अनुवादात असेल तर ती अनुवादाच्या पीओ फाईलमध्ये सुधारता येते, प्रोग्रॅमिंग लागत नाही. साच्यात असेल तर मर्ज रिक्वेस्ट पाठवा, आणि ती कोणत्या भाषेत कशी बिघडते याचे उदाहरण वर्णनात द्या. तपासणारा बहुधा फ्रान्समध्ये असेल. 'निळा' आणि 'निळे' यांतला फरक त्याला फ्रेंच लिंगभेदामुळे लगेच कळेल, मात्र आपल्याकडे तिसरे लिंगही आहे हे सांगावे लागेल.