तेराव्या अध्यायातले हात

आमच्या भागातल्या बहुतेक मराठी घरांत ज्ञानेश्वरी असते, आणि ती बहुधा कापडात गुंडाळून देवघरात ठेवलेली असते. वर्षातून एकदा पारायणासाठी ती सुटते, सात-आठ दिवसांत वाचून होते आणि पुन्हा कापडात जाते. पारायण करणाऱ्यांना तेराव्या अध्यायाची जराशी धास्ती असते. बारावा लहान, गोड, भक्तीचा. त्याच्या पाठोपाठ हा अकराशेंहून अधिक ओव्यांचा डोंगर. घसा बसतो, लक्ष उडते, ओव्या ओठांवरून निघून जातात. अशा वाचनात काय निसटते, याचा अनुभव मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे घेतला आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या निसटलेल्या ओव्यांकडे उशिरा गेलेल्या एका वाचकाचे टिपण आहे. यात पांडित्य नाही, मात्र एक तक्रार आहे.

संतांनी देहाला तुच्छ मानले, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. कीर्तनकार देहाची नश्वरता रंगवून सांगतात. श्रोते माना डोलावतात आणि घरी जाऊन गुडघ्याला तेल लावतात. तेरावा अध्याय नीट वाचला तर हे वाक्य टिकत नाही, असे माझे मत आहे.

मुळात हा अध्याय देहाचाच आहे. गीतेने देहाला क्षेत्र म्हटले. ज्ञानेश्वरांच्या हाती तो शब्द येताच त्याचे खरेखुरे शेत झाले, आणि शेत म्हटले की मालकीचा वाद आलाच. एक पक्ष म्हणतो, शेत जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ, त्याचे चार भाऊ अंग मोडून राबतात, मन देखरेखीला असते आणि इंद्रियांचे बैल जुंपलेले असतात. दुसरा पक्ष उठतो : शेत प्रकृतीचे, जीव मधलाच आगंतुक. मग संकल्पवाले, स्वभाववाले, काळवाले असे एकेक दावेदार पुढे येतात. कूळकायद्याचे खटले पाहिलेल्या आणि 1956 पासून कुणाची जमीन कुणाकडे हा प्रश्न ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या वाचकांना हा प्रसंग हसवल्याशिवाय राहत नाही. गंमत अशी की वादाचा निकाल ऋषींनाही लागला नाही, असेच तिथे सांगितले आहे. देह कुणाचा हे ठरत नाही. पण शेत पडीक ठेवायचे नाही, एवढे त्या चित्रातून आपोआप कळते.

आता अहिंसेच्या ओव्या. गीतेत ज्ञानाच्या लक्षणांत हा एकच शब्द येतो. ज्ञानेश्वर त्यावर शेकडाभर ओव्या खर्च करतात. आधी ते यज्ञातल्या हिंसेचे समर्थन करणाऱ्यांना धारेवर धरतात. जीव वाचवण्यासाठी दुसरे जीव मारणाऱ्या, वनस्पती मुळासकट उपटणाऱ्या वैद्यकालाही सोडत नाहीत. मग प्रश्न येतो की खरी अहिंसा ओळखायची कशी. इथे एखाद्या तत्त्ववेत्त्याने व्याख्या केली असती. ज्ञानेश्वर माणूस चालताना दाखवतात. भुंगा कमळावर उतरताना केसर चुरडेल म्हणून जसा बेताने पाय टेकवतो, तसा हा जमिनीवर पाऊल ठेवतो. पिलाला तोंडात धरणाऱ्या आईचे दात पिलाला जेवढे लागतात, तेवढेच याचे पाऊल भुईला लागते. मग त्याचा श्वास येतो, मग बोलणे, मग पाहणे. नजर कुणाला रुतेल म्हणून तो सहसा पाहत नाही; पाहिलेच तर कासवी जशी नुसत्या दृष्टीने पिले वाढवते तसे पाहतो.

आणि मग हात. माझ्या दृष्टीने हा सगळ्या अध्यायाचा कळस आहे. अंगावर बसलेले उडवावे, डोळ्यात शिरणारे झाडावे, एवढ्यासाठीसुद्धा हे हात उठत नाहीत. काठी घेण्याची गोष्टच नको. खेळताना फुलांची माळ वर उडवून झेलावी, तर ती गोफण होईल अशी त्यांना भीती. ज्यांना यात अतिशयोक्ती दिसते त्यांचे चूक नाही. ज्ञानेश्वरांना उपमा आवरत नाहीत आणि इथे तर त्यांनी आवरायचा प्रयत्नही केलेला नाही. परंतु ते हात उठतात कधी, ते पाहा. जोडायला, अभय द्यायला, पडलेल्याला उठवायला, दुःखी माणसाला अलगद स्पर्श करायला. त्या स्पर्शापुढे मलयगिरीवरचा वारा खरखरीत वाटावा, इतका तो मऊ. आणि असा हात कुरवाळतो कुणाला, तर पशूंना. गोठ्यात गाईच्या मानेवरून हात फिरवणारा माणूस ज्याने रोज पाहिला आहे, त्यालाच ही ओवी सुचू शकते.

एवढे अवयव झाल्यावर ज्ञानेश्वर मनाकडे वळतात आणि सांगतात की आतापर्यंत जे पाहिलेत ते सगळे मनच होते. जे मनात नाही ते वाचेत कुठून येणार, बीजावाचून अंकुर कसा फुटणार? सूत्रधार नसेल तर साइखडे, म्हणजे कळसूत्री बाहुले, जागच्या जागी पडते. इथे वाचकाने थांबावे. मन आत आणि देह बाहेर, मन चांगले आणि देह वाईट, ही वाटणी या ओव्यांना मान्य नाही. मूल्य मनात उगवते हे खरे. पण ते पावलात, नजरेत, हातात उतरले नाही तर ते आहे हे कुणी म्हणावे?

अलीकडे मन आणि शरीर यांच्या सुसंवादाबद्दल बरेच बोलले जाते. 2015 पासून 21 जूनला योगदिनही साजरा होतो. त्यात गैर काही नाही. मीही सकाळी चार आसने करतो. पण त्या सुसंवादात दोनच पक्ष असतात, माझे मन आणि माझे शरीर. ज्ञानेश्वरांच्या चित्रात तिसरा कुणीतरी नेहमी असतो. पायाखाली किडा असतो, समोर गाय असते, पडलेला माणूस असतो. मन आणि देह यांचे जुळले आहे की नाही, हे त्या तिसऱ्याला विचारायचे. ही कसोटी मला तरी फार अवघड वाटते.

याच अध्यायात पुढे म्हातारपणाच्या ओव्या येतात, आणि देहनिंदेचा पुरावा म्हणून याच नेहमी पुढे केल्या जातात. वर्णन भयंकर आहे, यात शंका नाही. कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. नाक स्वयंपाकघरातल्या मोरीसारखे वाहील. लाळेने माखलेले तोंड सरड्यांनी गिरबडलेल्या बाभळीच्या खोडासारखे दिसेल. घरची माणसे कंटाळतील, पोरे भितील. हे लिहिणारा कोण? ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290 ची. परंपरेने मानलेला जन्मशक धरला तर कवीचे वय पंधरा. पंधराव्या वर्षी पडवळ दिसावे, याचे मला आजही नवल वाटते.

पण या ओव्या सुट्या वाचू नयेत. शहाणा माणूस हे आधीच डोळ्यांपुढे आणतो ते कशासाठी? उद्या हात लुळे पडणार म्हणून द्यायचे ते आज देऊन टाकण्यासाठी. म्हणजे हे तेच हात आहेत. तीनशे-साडेतीनशे ओव्यांपूर्वी गाईला कुरवाळणारे हात इथे लुळे पडायला निघाले आहेत. एका ठिकाणी हात कशासाठी आहेत ते सांगितले, दुसऱ्या ठिकाणी ते किती दिवस आहेत ते. तिरस्कार असता तर एवढी घाई कशाला असती? देहाला कष्टवून, उपाशी मारून तप करणाऱ्यांना सतराव्या अध्यायात गीतेने आसुरांत घातले आहे, आणि ज्ञानेश्वरांनीही त्यांची गय केलेली नाही. तेही इथे ध्यानात घ्यायला हवे.

इतके झाल्यावर माझी तक्रार. न हलणारे हात दोन प्रकारचे असतात. एक, समोरच्याला दुखेल म्हणून न उठणारा. दुसरा, आपल्याला विटाळ होईल म्हणून न उठणारा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. ज्ञानेश्वरांना हा दुसरा हात माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. संन्याशाची मुले म्हणून त्या भावंडांना गावाने कसे वागवले, ते परंपरा सांगतेच. तरीही अहिंसेच्या ओव्या हात असणाऱ्याच्या बाजूने लिहिल्या आहेत. ज्याच्यापासून हात मागे घेतला, त्याच्या बाजूने नाहीत. ती बाजू ऐकायची तर सोयराबाईकडे जावे लागते. चोखोबांच्या या पत्नीने एका अभंगात विचारले आहे की ज्याला विटाळ म्हणता त्यावाचून जगात एक तरी देह घडला आहे का. मग सोवळा कोण? तिथे उपमांची आरास नाही. घरातल्या बाईने चुलीशी बसून विचारावा तसा सरळ प्रश्न आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या शेकडाभर ओव्यांना तो पुरा पडतो.

चोखोबांचे मंगळवेढे बसवण्णांच्याही आठवणींत आहे. बिज्जळाच्या पदरी ते आधी तिथेच होते, असे सांगतात. त्यांचे देहाला देऊळ म्हणणारे वचन आपल्या भागात कन्नड शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येते. आमच्या घरातली मुले अभंगाआधी ते शिकली. पैसेवाले दगडाचे देऊळ बांधतील. माझे पाय हेच खांब. मला त्यातला शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो : स्थावर मोडते, जंगम राहते. चालत्याफिरत्या देहाला देवळाचा मान दिला की त्या देवळाला शिवायचे नाही असे कुणाबद्दलच म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरीतले हात आणि हे वचन एकाच घरात, दोन भाषांत, वर्षानुवर्षे म्हटले जाते आणि दोन्हींची गाठ पडत नाही.

हे मी दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल लिहीत नाही. माझी आई शेवटचे दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती. तिची आंघोळ, अंथरूण, सगळे करायला पलीकडच्या वस्तीवरची एक बाई येत असे. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. तिची भाषा कन्नड. आईला ती बऱ्यापैकी येत होती. जन्मभर सोवळे पाळलेला आईचा देह सकाळ-संध्याकाळ अक्काच्या हातांत असे. ते हात मी पाहिले आहेत. कूस बदलताना पाठीखाली जाणारे, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावणारे, वाकड्या झालेल्या बोटांत आपली बोटे घालून ती हळूहळू उलगडणारे. मलयगिरीच्या वाऱ्याची उपमा मला तेव्हा कळली. आणि त्याच अक्काची कपबशी मागच्या दाराच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. ती आईनेच कधी काळी तिथे ठेवली होती. आई अंथरुणाला लागल्यावर ती कपबशी आत आणायला कुणाची मनाई नव्हती. माझे दोन्ही हात धडधाकट होते. ते उठले नाहीत.

त्या दिवसांत मी संध्याकाळी आईला ज्ञानेश्वरी वाचून दाखवत असे. तिला बोलायला त्रास होई. जीभ जड झाली होती. तेराव्यात म्हातारपणाच्या ओव्या आल्या तेव्हा मी पाने उलटली आणि पुढून वाचू लागलो. अशा आजारी माणसापुढे त्या कशा वाचायच्या? आईने डाव्या हाताने चादरीवर थाप मारली. दोनदा, तीनदा. मग तोंड वाकडे करत म्हणाली, "पडवळ... पडवळ टाकलंस."

पायथ्याशी बसून तळपायाला तेल चोळणाऱ्या अक्काने मान वर करून कन्नडमध्ये विचारले, काय म्हणतात आई? आईने आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "पडवलकाई." अक्काला क्षणभर समजले नाही. मग समजले आणि ती इतक्या मोठ्याने हसली की आईही हसायला लागली, त्या हसण्यात तिच्या तोंडातून लाळ गळली, आणि अक्काने ती पदराने पुसली. मी पाने मागे उलटली आणि टाकलेल्या ओवीपासून पुन्हा वाचू लागलो.