‘मेड फॉर ईच अदर’: एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

कोल्हापुरातील आमच्या विवाहसमारंभांत एक इंग्रजी शब्दप्रयोग आता पक्का रुजला आहे. चर्चमध्ये विवाहसंस्कार मराठीतून होतो. परंतु स्वागतसमारंभात शुभेच्छा देण्यास उभे राहणारे गृहस्थ नवदांपत्याकडे पाहून हटकून म्हणतात, ‘मेड फॉर ईच अदर!’ टाळ्या पडतात. बोलणाऱ्याच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. शब्दांची परीक्षा मात्र व्हावयास हवी.

भारतात हे वाक्य घरोघरी पोहोचवले ते विल्स सिगारेटच्या जाहिरातींनी. तंबाखू व फिल्टर एकमेकांसाठीच घडले आहेत, असा त्यांचा दावा असे, आणि सोबत एखादे हसरे जोडपे झळके. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. जाहिरात गेली; वाक्य आशीर्वाद होऊन उरले.

उगम हलका म्हणून शब्द त्याज्य ठरत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातही परमेश्वर आदामासाठी अनुरूप सोबतीण घडवतो. पण तेथे कथा ‘घडवणे’ या क्रियेवर थांबत नाही. आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहण्याची गोष्ट लगेच पुढे येते. इंग्रजी वाक्यात हे पुढचे पाऊल नाही. तेथे सारे आधीच घडून गेलेले असते. म्हणूनच पहिले कडाक्याचे भांडण झाले, की त्यावर विश्वासलेली मुले म्हणतात, ‘आम्ही एकमेकांसाठी नव्हतोच.’

मराठीत याहून नेमका शब्द आहे. ‘जोडा जुळला’ असे आपण म्हणतो, आणि त्याच धातूच्या प्रयोजक रूपाने ‘जुळवून घ्या’ असेही म्हणतो. पहिल्यात योग आहे, दुसऱ्यात कष्ट. दोन्ही मिळून संसार होतो. हा दुसरा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या एकट्या सुनेलाच केला, हा दोष आपला आहे, शब्दाचा नव्हे. वेदीसमोर वचन दोघेही देतात, आणि ते सारख्याच शब्दांत देतात.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे प्रेमकवी माधव जूलियन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. आम्ही त्यांच्याइतके कर्मठ नाही. टेबल आणि स्टेशन आम्हांस खुशाल चालतात. परंतु ज्या शब्दांवर दोन माणसांचे आयुष्य तोलायचे, ते उसने असू नयेत. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. तरी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध करताना त्यांना मराठी अपुरी वाटली नाही. मग एका आशीर्वादापुरती ती आपल्याला का अपुरी वाटावी?

पुढील लग्नात बोलावयास उभे राहणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. वधूवरांना म्हणा, ‘तुमचे जुळले आहे. आता दोघांनीही जुळवून घ्या.’ टाळ्या कदाचित कमी पडतील. पण हे शब्द भांडणाच्या दिवशीही उपयोगी पडतील.