‘ध’चा ‘मा’ आणि धारचा किल्ला

पेशवाईतील एका दांपत्याला मराठी भाषेने दोन शब्दप्रयोग वाहिले आहेत. पतीच्या वाट्यास ‘राघोभरारी’ आली, पत्नीच्या वाट्यास ‘ध चा मा’. पहिल्यात १७५८ च्या अटकस्वारीचा वारा आहे, दुसऱ्यात रक्ताचा डाग. वर्गात एखाद्या मुलीने निरोप फिरवून सांगितला, तर तिला ‘आनंदीबाई’ हे नाव पडण्यास वेळ लागत नाही. निश्चय टिकवू न शकणाऱ्या मुलाला मात्र कोणी ‘राघोबा’ म्हणून चिडवल्याचे ऐकिवात नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने हा पंक्तिप्रपंच का म्हणून विचारले, तर तिला उद्धट ठरविण्यापूर्वी उत्तर शोधणे बरे.

धार आणि देवास येथील मराठी घरांत हा प्रश्न अधिकच जवळचा होय. तेथील मुले शाळेत इतिहास बहुधा हिंदीतून शिकतात. पेशवाई त्यांना भेटते ती घरातल्या गोष्टींतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून. म्हणजे रंगभूमी हीच त्यांची दुसरी शाळा. या शाळेतील धडा कोणता? खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) दुबळ्या राघोबादादांच्या मागे महत्त्वाकांक्षी आनंदीबाई उभ्या आहेत. ‘रामशास्त्री’ या प्रभातच्या चित्रपटात (१९४४) ललिता पवार यांनी ही भूमिका केली. नाटककाराची आणि नटीची ताकद वादातीत आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. लेचापेचा प्रयोग विसरला जातो; असा प्रयोग मात्र इतिहास म्हणून मनात राहतो.

प्रत्यक्ष पुरावा काय म्हणतो? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले ते राघोबादादांना. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आली, तीही लोकांच्या सार्वत्रिक समजुतीच्या आधारावर. ते मूळ पत्र आज उपलब्ध नाही. (अक्षर बदलून भागत नाही, वर कानाही द्यावा लागतो, हे म्हण वापरणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.) आनंदीबाई निर्दोष होत्या, असा आमचा दावा नाही. न्यायाधीशाने ज्याला दोषी धरले त्याची भरारी उरली आणि जिच्यावर केवळ समजुतीचा ठपका, तिची म्हण झाली, एवढेच आमचे म्हणणे आहे.

माळव्यापुरता आणखी एक दाखला आहे. १७६७ मध्ये होळकरांचे राज्य घेण्याच्या बेताने हेच राघोबादादा इकडे चालून आले आणि अहिल्याबाईंची तयारी पाहून परत फिरले. त्या वेळी त्यांना कोणत्या बायकोने भरीस घातले, हे कोणी विचारीत नाही! मुलींपुढे मात्र दोनच चित्रे टांगली जातात, पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि कपटी आनंदीबाई. पहिलीसारखे होणे अशक्य, दुसरीसारखे होणे निंद्य. मधली माणसासारखी जागा मुलांसाठी राखीव.

ती मधली जागा पाहावयाची तर धारचा किल्ला आहे. बारभाईंच्या फौजा मागे लागल्या असता दादासाहेब गुजरातकडे निघून गेले आणि गरोदर आनंदीबाई धारला पवारांच्या आश्रयाला राहिल्या. १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म येथेच झाला. व्याडेश्वराच्या गुहागरकडची ओकांची ही लेक परमुलखातील किल्ल्यात, शत्रू येण्याच्या धास्तीत, बाळंत झाली. एवढा नाट्यमय प्रसंग. पण आमच्या गाजलेल्या नाटककारांना तो मोहवू शकला नाही. पुढे १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस त्या वारल्या, तेव्हा दादासाहेबांना जाऊन दहा वर्षे उलटली होती. ‘भाऊबंदकी’चा प्रयोग माळव्यातील एखाद्या मराठी मंडळाने पुन्हा बसविला, तर हस्तपत्रिकेत धारच्या त्या बाळंतपणाचा चार ओळींचा उल्लेख अवश्य छापावा. आणि तो उल्लेख नाटकात काम करणाऱ्या शाळकरी मुलींकडूनच लिहून घ्यावा.